मोठं पिल्लू धाकट्याला टोचतं, तेव्हा कॅमेऱ्यावर काय पाहावं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचं, म्हणजे बाल्ड ईगलचं, घरटं तुम्ही आणि तुमची नऊ वर्षांची मुलगी महिनाभर लाइव्ह कॅमेऱ्यावर पाहताय. दोन पिल्लं निघाली. आता मोठं पिल्लू धाकट्याच्या डोक्यावर सारखं टोचतं. आई शेजारी बसून असते, सोडवत नाही. कॅमेरा चालवणारेही काही करत नाहीत. मुलगी रडते. पाहणं थांबवावं का, आणि पाहायचंच तर नेमकं काय पाहायचं?

थांबवू नका, असं मी सांगेन. चौदा वर्षं मी घरट्यांचे कॅमेरे पाहतोय, त्यांतल्या काहींच्या नोंदी ठेवतोय, आणि पक्ष्यांसाठीच्या पेट्यांमध्ये स्वतः कॅमेरे बसवले आहेत. या टप्प्यावर जीव कालवतो, हे मला ठाऊक आहे. पण आत्ता तुमची नजर जिथे खिळली आहे तिथून ती थोडी खाली आणा. टोचणारी चोच पाहू नका, धाकट्याचा गळा पाहा.

गरुडाच्या पिल्लाला गळ्याखाली, छातीच्या वरच्या बाजूला एक अन्नपिशवी असते. इंग्रजीत तिला क्रॉप म्हणतात आणि कॅमेरा पाहणारे बहुतेक जण तोच शब्द वापरतात. पोटात जाण्याआधी मांस तिथे साठतं. पिल्लू पोटभर जेवलं की तिथे गोटीएवढा, पुढे लिंबाएवढा फुगवटा दिसतो, आणि पिल्लू त्या वजनाने पुढे कलंडून झोपतं. सकाळपासून दहा वेळा मार खाल्लेल्या पिल्लाची पिशवी संध्याकाळी भरलेली असेल, तर त्याचं बरं चाललंय. कोणी टोचत नाही, सगळं शांत आहे, पण पिशवी सलग दोन दिवस सपाट आहे, तर काळजीचं कारण आहे. माझ्या नोंदवहीत टोचण्याचा रकाना मी दुसऱ्याच वर्षी काढून टाकला. त्यातून काही कळत नव्हतं. पिशवीच्या रकान्यातून जवळजवळ सगळं कळत होतं.

दुसरी खूण नव्या प्रेक्षकांना थोडी ओशाळवाणी वाटते, पण नेमाने पाहणारे तिची वाटच पाहतात. पिल्लू मागे मागे सरकत घरट्याच्या कडेकडे जातं, शेपूट वर करतं आणि विष्ठेची पांढरी पिचकारी लांब उडवतं. दोन आठवड्यांचं पिल्लू हे जोरात करत असेल, तर अन्न आत जातंय आणि अन्नातलं पाणीही पुरतंय. या वयात त्याला पाणी वेगळं मिळत नाही. मासे आणि मांस यांतूनच मिळतं.

आता टोचण्याबद्दल. पहिल्या आठवड्यात पिल्लाची नजर स्थिर नसते आणि मान डोकं पेलत नाही. समोर जे हलतं त्यावर ते चोच मारतं. आईच्या चोचीवर मारतं, भावंडाच्या डोक्यावर मारतं, कधी काडीवरही मारतं. त्यातलं काही टोचणं खरोखर वर्चस्वासाठी असतं. मोठं पिल्लू दोन-तीन दिवस आधी जन्मलेलं असतं आणि या वयात तीन दिवस म्हणजे वजनात दुपटीचा फरक पडू शकतो. धाकटं मान खाली घालतं, पडून राहतं, मोठ्याचं भरलं की उठतं आणि खातं. हे मान खाली घालणं पाहून वाईट वाटतं, पण त्यामुळेच ते वाचतं. दोन-तीन आठवड्यांत क्रम ठरतो आणि मारामारी बहुधा ओसरते. सहाव्या आठवड्यात हीच दोघं एकमेकांच्या पाठीवर मान टाकून झोपलेली तुमची मुलगी पाहील, अशी शक्यता पुष्कळ आहे. बाल्ड ईगलची दोन पिल्लं एकत्र वाढून उडणं ही नेहमीची गोष्ट आहे.

मग हा वयाचा फरक का? सगळी अंडी एकदम का फुटत नाहीत? कारण मादी एका दिवसात सगळी अंडी घालत नाही. गरुडाच्या दोन अंड्यांत साधारण तीन दिवसांचं अंतर असतं आणि ती पहिल्या अंड्यापासूनच बऱ्यापैकी बसायला लागते. साधारण 35 दिवसांनी पहिलं फुटतं, मग दुसरं. वर्ष चांगलं असलं, मासे मुबलक असले, तर सगळी पिल्लं पोसली जातात. वर्ष वाईट असलं, तर निदान थोरलं तरी तगतं. सगळी सारख्याच वयाची असती, तर वाईट वर्षी सगळी सारखीच अर्धपोटी राहून मेली असती. वयाचा फरक हा या पक्ष्यांचा दुष्काळासाठीचा बंदोबस्त आहे. आई मध्ये पडत नाही त्याचंही उत्तर यातच आहे. जे तोंड पुढे येतं, मागतं, त्याला ती भरवते. थोरल्याचं भरलं की ते मागायचं थांबतं. मग पुढचा घास आपोआप धाकट्याकडे जातो. म्हणून धाकट्यासाठी सर्वांत मोठी मदत म्हणजे घरट्यात पडून असलेला दुसरा मासा. तो आला का, कधी आला, किती मोठा होता, हे टिपत जा.

सगळ्याच गरुडांचं असं नसतं, हेही सांगायला हवं. मुलीसोबत दुसरा कॅमेरा लावण्याआधी पक्षी कोणता आहे ते पाहा. एस्टोनियातल्या जंगलात लहान ठिपकेदार गरुडाच्या घरट्यावर कॅमेरे असतात. ही जात दोन अंडी घालते आणि दोन्ही फुटली तर थोरलं पिल्लू धाकट्याला जवळजवळ नेहमीच संपवतं, अन्न कितीही असलं तरी. अभ्यासक या जोडीला बायबलमधल्या भावांवरून केन आणि एबल म्हणतात. आफ्रिकेतल्या काळ्या व्हेरो गरुडाचंही तसंच. तिथे दुसरं अंडं हे पहिलं वाया गेलं तर असावं म्हणून घातलेलं असतं. मोठ्या माणसाने ते जरूर पाहावं, पण नऊ वर्षांच्या मुलीला मी त्या आठवड्यात ते दाखवणार नाही.

याच्या अगदी उलट चित्र गव्हाणी घुबडाच्या पेटीत दिसतं आणि ते तुम्ही दोघींनी एकदा रात्री जागून पाहाच. ही मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने चार ते सात अंडी घालते आणि पहिल्यापासून बसते. त्यामुळे थोरलं पिल्लू हृदयाच्या आकाराचा चेहरा घेऊन उभं असतं तेव्हा शेंडेफळ अजून गुलाबी मांसाचा गोळा असतं. इथे वाटेल की थोरली धाकट्यांना चिरडतील. पण स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात अलेक्झांडर रुलाँ यांनी या पिल्लांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आईबाप शिकारीला गेलेले असताना पिल्लं रात्रभर एकमेकांना हाका देतात. ज्याला जास्त भूक लागलेली असते ते जास्त आणि लांब ओरडतं आणि ते ऐकून बाकीची माघार घेतात. पुढचा उंदीर कोणाचा, हे उंदीर यायच्या आधीच ठरत असतं. पोट भरलेलं थोरलं पिल्लू आपल्याजवळचा उंदीर धाकट्यासमोर धरतं, हेही त्यांच्यात नोंदलं गेलंय. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. अवरक्त प्रकाशातलं करडं चित्र होतं. थोरल्याने उंदीर चोचीत धरला, दोन पावलं चालत गेलं आणि सगळ्यात लहान पिल्लापुढे वाकून उभं राहिलं. लहानग्याला तो गिळता येईना. थोरलं तसंच वाकून थांबलं. मी ते दृश्य मागे नेऊन चार वेळा पाहिलं.

कॅमेरावाले मदत का करत नाहीत, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पहिलं कारण कायद्याचं आहे. अमेरिकेत गरुडाच्या घरट्याला सरकारी परवानगीशिवाय हात लावता येत नाही, ब्रिटनमध्ये 1981च्या वन्यजीव कायद्याने दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्याजवळ जाऊन त्यांना त्रास देणंही गुन्हा ठरतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शंभर फुटांवरच्या घरट्यावर माणूस चढला की आईबाप उडतात, उघडी पिल्लं थंडीत पडतात आणि मोठी पिल्लं घाबरून वेळेआधी कडेवरून उडी टाकतात. एकाला वाचवायला गेलेला माणूस दोघांना गमावू शकतो. 2014 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या वन्यजीव विभागाच्या कॅमेऱ्यावर गरुडाचं एक पिल्लू हलेनासं झालं. प्रेक्षकांचा दबाव इतका वाढला की विभागाने माणूस वर पाठवला. पिल्लाचा पंख मोडून त्यात जंतुसंसर्ग झालेला निघाला आणि त्याला वेदनामुक्त मरण द्यावं लागलं.

तरीही एक ठिकाण असं आहे जिथे मदत करणं बहुतेक प्रकल्पांना मान्य असतं. संकट माणसानेच आणलेलं असलं तर. माशासोबत गळ आणि नायलॉनची दोरी घरट्यात येते, पिल्लाच्या पायाला गुंडाळते, पाय सुजतो. असं काही दिसलं तर वेळ टिपा, दृश्य जपून ठेवा आणि प्रकल्पाला लगेच कळवा. चोवीस तास त्यांचीही नजर घरट्यावर नसते. अशा वेळी प्रेक्षकाने टिपलेली नेमकी वेळ कामाची ठरते. आणि जिथे जातच थोडी उरली आहे तिथे नियम आणखी वेगळे. न्यूझीलंडमध्ये ड्यूनेडिनजवळ ताइआरोआ हेड इथे रॉयल अल्बट्रॉसच्या घरट्यांवर 2016पासून कॅमेरा आहे. तिथले रक्षक पिल्लांचं वजन करतात, घोंघावणाऱ्या माश्यांच्या अळ्यांपासून त्यांना जपतात, गरज पडली तर अंडं उबवणी यंत्रात ठेवतात आणि अशक्त पिल्लाला वरून अन्न देतात. एकच अंडं, ते साधारण 11 आठवडे उबवायचं, मग पिल्लू उडायला आठ महिने. अशा पक्ष्याचं एकेक पिल्लू मोलाचं असतं. एका ठिकाणी हात लावत नाहीत आणि दुसऱ्या ठिकाणी लावतात, यात मला विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे पक्ष्याच्याच बाजूने विचार केलेला आहे.

पाहताना आणखी कशाकडे लक्ष द्यावं, यावर मी तासन्‌तास बोलू शकेन, पण मला सगळ्यात प्रिय असलेल्या काही गोष्टी सांगतो. मोठा गरुड पिल्लांजवळ चालतो तेव्हा त्याचे पंजे पाहा. एरवी मासा भेदणाऱ्या नख्या तो मुठीसारख्या आत वळवून, लंगडत असल्यासारखा चालतो. नखी पिल्लाला लागू नये म्हणून. भरवताना आई मान आडवी करते, म्हणजे बाकदार चोचीची कड पिल्लाच्या चोचीशी जुळते आणि तांदळाएवढा घास सांडत नाही. अंड्यावर बसण्याआधी ती एका बाजूने दुसऱ्या बाजूला डुलते. पोटावरची पिसं बाजूला होऊन उघडी, ऊबदार कातडी अंड्याला टेकावी म्हणून. मध्येच उठून चोचीने अंडी फिरवते, कारण न फिरवलेल्या अंड्यातला जीव आतल्या पडद्याला चिकटू शकतो. बर्फ पडताना तिच्या पाठीवर थर साचतो आणि लोक हळहळतात. तो बर्फ वितळत नाही, याचा अर्थ तिची ऊब पिसांतून बाहेर निसटत नाहीये. खाली अंडी कोरडी असतात.

आणि अंडं फुटायच्या आदल्या दिवशीची आई. पिल्लू कवचाच्या आतून आवाज करायला लागतं. ती उठते, मान तिरकी करून अंड्याकडे बघते, बसते, पुन्हा उठते. तुम्हाला काहीच ऐकू येत नाही, तिला येतं. मग कवचाला ताऱ्यासारखा एक बारीक तडा जातो. पिल्लाच्या चोचीवरच्या टणक टोकाने केलेला. तिथून बाहेर यायला गरुडाच्या पिल्लाला एक ते दोन दिवसही लागतात, मध्ये ते दमून थांबतं आणि ते थांबणं नैसर्गिक असतं. पुढच्या वर्षी हे सुरुवातीपासून पाहा.

बहिरी ससाण्याच्या कॅमेऱ्यावर गेलात तर एक घोळ आधीच सांगून ठेवतो. मादी पहिली दोन अंडी घालून तासन्‌तास बाजूला उभी राहते. दरवर्षी नवे प्रेक्षक लिहितात की आईने अंडी टाकली. तसं नसतं. ही मादी बहुधा तिसरं अंडं आल्यावर नीट बसते, म्हणजे पिल्लं जवळपास एकाच वेळी निघतात. उबवणं सुरू होण्याआधी अंडं गार राहिलं तर बिघडत नाही. ससाणी अंड्यांवर शांत बसलेली दिसली की मला मात्र दरवेळी एक गोष्ट आठवते. डीडीटी या कीटकनाशकामुळे या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की अंडी आईच्या वजनाखाली फुटत होती. ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी 1967 साली संग्रहालयांतली जुनी अंडी आणि नवी अंडी यांची तुलना करून ते दाखवून दिलं. अमेरिकेने 1972 साली डीडीटीवर बंदी घातली. आज शहरांतल्या उंच इमारतींवर कॅमेऱ्यासमोर चार-चार पिल्लं वाढतात, ती त्या कामामुळे.

कॅमेऱ्याची मर्यादाही ध्यानात ठेवा. तो एका चौकटीतलं दाखवतो. बाप दोन फुटांवरच्या फांदीवर पहारा देत असतो आणि प्रेक्षक म्हणतात तो गायब आहे. काही कॅमेरे फिरतात, काही खिळलेले असतात. झूम केल्यावर हलकी टोचही हल्ल्यासारखी दिसते. समाजमाध्यमांवर फिरणारे तुकडे तर फक्त मारामारीचेच असतात, कारण झोपलेल्या पिल्लांचा तुकडा कोणी पुढे पाठवत नाही. म्हणून थेट प्रक्षेपण पाहा, तेही सलग तासभर. त्या तासात टोचणं दोन मिनिटं चालेल, उरलेली मिनिटं झोप, सावली, वारा आणि वाट पाहणं. बऱ्याच प्रक्षेपणांत काही तास मागे जाता येतं. रात्री झोपण्याआधी दिवसाचं शेवटचं भरवणं मागे जाऊन शोधा.

स्वतः कॅमेरा बसवावासा वाटला तर एवढंच सांगतो. उघड्या घरट्यावर बसवू नका. आपल्या जाण्यायेण्याने वाट पडली की त्या मागावर मांजर आणि साप येतात. पेटीतच बसवा, विणीच्या हंगामाच्या कितीतरी आधी, आणि मग हात लावू नका. मी हे स्वतः चूक करून शिकलो. टिट या छोट्या पक्ष्याच्या पेटीतला माझा पहिला कॅमेरा पिल्लं पाच दिवसांची असताना बाष्पाने धुरकट झाला. काच पुसायला मी झाकण उघडलं. मिनिटभराचं काम होतं. आई चोचीत अळी धरून समोरच्या फांदीवर बसली आणि जवळजवळ 40 मिनिटं ओरडत राहिली, आत आली नाही. पिसं नसलेली सात पिल्लं गार पडत चालली होती आणि मी लांब उभा राहून घड्याळ बघत होतो. ती शेवटी आली. पहिलं अंडं दिसल्यापासून पेटी रिकामी होईपर्यंत झाकण उघडायचं नाही, हा नियम मी त्या दिवशी केला. चित्र धुरकट झालं तर धुरकट पाहतो.

आता मुलीबद्दल. धाकटं जगेलच, असं तिला सांगू नका. ते तुमच्या हातात नाही आणि उलटं झालं तर तिचा तुमच्यावरचा विश्वास जाईल. कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरच्या डोंगरातली जॅकी आणि शॅडो ही बाल्ड ईगलची जोडी जगभर पाहिली जाते. 2024मध्ये त्यांची तीन अंडी होती, एकही फुटलं नाही. दोघं ठरलेल्या दिवसांच्या किती तरी पुढे आळीपाळीने बसत राहिली. 2025च्या मार्चमध्ये तीन पिल्लं निघाली, त्यांतलं एक वादळात गेलं आणि दोन जूनमध्ये उडाली. हे सगळं पाहिलेली मुलं मला भेटली आहेत. ती पिल्लू गेल्याचं दुःख सांगतात आणि त्याच दमात दुसऱ्या दोघांनी पहिली झेप कशी घेतली तेही सांगतात.

तिला एक वही द्या. चार रकाने पुरेत. किती वाजता अन्न आलं, कोणी आणलं, काय आणलं, आणि जेवण संपल्यावर धाकट्याची पिशवी भरलेली, अर्धी की सपाट. चित्र काढायचं असेल तर काढू दे. वहीत लिहायला बसलेलं मूल मारामारी संपायची वाट बघायला शिकतं, कारण तिला चौथा रकाना भरायचा असतो. पावसाचा किंवा वादळाचा दिवस असला तर तेही लिहायला सांगा, कारण त्या दिवशी मासे कमी येतात आणि पिशवी सपाट राहण्याचं कारण तिला स्वतःला सापडेल.

दहा ते बारा आठवड्यांनी पिल्लं पंख फडफडवत घरट्यावरून हातभर वर उचलली जातील, मग शेजारच्या फांदीवर जातील, मग एके सकाळी घरटं रिकामं दिसेल. तेव्हा लगेच कॅमेरा बंद करू नका. पुढचे काही आठवडे ती अन्नासाठी परत येत राहतात. आज संध्याकाळी शेवटच्या भरवण्यानंतर धाकट्याचा गळा पाहा आणि पुढचे तीन दिवस रोज पाहा. त्या चार संध्याकाळच्या नोंदी मला पाठवल्यात, तर पिल्लाचं कसं चाललंय ते मी तुम्हाला जास्त नेमकं सांगू शकेन.